उट्रेख्तचा घोडेस्वार आणि त्याचे सोबती : डच प्रांतिक नाण्यांच्या खरेदीचे परीक्षण

डच प्रजासत्ताकाच्या काळातील प्रांतिक नाणी जमवण्यास मी दोन वर्षांपूर्वी नेदरलँड्समध्ये सुरुवात केली. या काळात चार नाणी घेतली : उट्रेख्तचा चांदीचा घोडेस्वार, गेल्डरलंडचा सिंहाचा डाल्डर (हेही चांदीचे मोठे नाणे), झीलंडचा चांदीचा डुकाट आणि उट्रेख्तचाच सोन्याचा डुकाट. त्यांपैकी तीन आज माझ्याकडे आहेत. एक परत पाठवावे लागले, त्याची हकिगत पुढे येईल. हे परीक्षण जितके त्या नाण्यांचे आहे तितकेच ती ज्या वाटांनी हाती आली त्या वाटांचेही आहे, कारण दोनतीनशे वर्षे जुन्या नाण्याच्या बाबतीत वस्तूचे गुणदोष आणि विक्रेत्याचे गुणदोष वेगळे काढणे कठीण असते. माझे मत आधीच सांगून टाकतो : प्रांतिक नाण्यात पैसे मोजायचे ते पृष्ठभागाचे, आणि नेमका तोच छायाचित्रात नीट दिसत नाही.

‘प्रांतिक’ या शब्दामागचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १५७९ च्या उट्रेख्त करारानंतर एकत्र आलेल्या उत्तरेकडील प्रांतांनी युद्ध आणि परराष्ट्रव्यवहार एकत्र चालवले, परंतु नाणी पाडण्याचा हक्क मात्र प्रत्येकाने स्वतःकडेच ठेवला. हॉलंडची टांकसाळ डॉर्ड्रेख्तला होती, झीलंडची मिडलबर्गला, फ्रीसलंडची लेउवार्डनला आणि गेल्डरलंडची प्रामुख्याने हार्डरवाइकला. हॉलंड प्रांताचाच भाग असलेल्या वेस्ट फ्रीसलंडने तर आपली निराळी टांकसाळ उभी केली आणि ती होर्न, एंकहाउझेन व मेडेमब्लिक या तीन गावांत पाळीपाळीने फिरवली. शिवाय डेव्हेंटर, काम्पेन, झ्वोले आणि नाइमेखन यांसारखी शहरेही आपापली नाणी पाडत होती. वजन आणि कस यांचे नियम कागदावर सर्वांना सारखे असले, तरी टांकसाळीच्या चालकाचे लक्ष नफ्याकडे असे, आणि एक टांकसाळ दुसरीचे गिऱ्हाईक ओढू लागली की लहान नाण्यांतील चांदी हळूहळू कमी होई. शिलिंग आणि २८ स्टायव्हरचे (२० स्टायव्हर म्हणजे एक गिल्डर) फ्लोरिन यांची अवस्था इतकी बिघडली की १६९३ मध्ये चलनात राहू द्यायच्या नाण्यांवर वेगळा छोटा ठसा मारावा लागला. त्यानंतर शहरांच्या बहुतेक टांकसाळी बंद पडल्या. मोठ्या नाण्यांचा लौकिक मात्र टिकून राहिला, कारण ती परदेशी व्यापाऱ्यांच्या तराजूत पडणार होती आणि तो तराजू कोणत्याही प्रांताची भीड ठेवणारा नव्हता.

संग्राहकाच्या दृष्टीने या व्यवस्थेची गंमत अशी की एकच चित्र सात-आठ ठिकाणी पाडले जाई आणि प्रांत ओळखायचा तो ढालीवरून, टांकसाळीच्या छोट्या खुणेवरून आणि लॅटिन लेखाच्या शेवटच्या दोन-चार अक्षरांवरून. ‘होल’ म्हणजे हॉलंड आणि ‘झेल’ म्हणजे झीलंड हे सहज उमगते. ‘ट्राय’ म्हणजे उट्रेख्त हे मात्र त्या शहराचे ‘ट्रायेक्टुम’ हे लॅटिन नाव ठाऊक असल्याशिवाय कळत नाही, आणि ‘ट्रान्सी’ म्हणजे आयसेल नदीपलीकडचा ओव्हरआयसेल, हे कळायला मला एक संपूर्ण संध्याकाळ लागली. नवशिक्याने एका प्रांताची सर्व मूल्ये जमवण्यापेक्षा एकच प्रकार निवडून त्याचे प्रांत जमवावेत, असे मी आता अनुभवाने म्हणेन. तसे केल्याने डोळा लवकर तयार होतो.

आता नाण्यांकडे वळू. पहिले आणि माझ्या मते सर्वांत समाधान देणारे नाणे म्हणजे १७९१ चा उट्रेख्तचा घोडेस्वार, ज्याला डुकाटोन असेही म्हणतात. हा प्रकार १६५९ मध्ये अधिकृत झाला. प्रमाण वजन ३२.७८ ग्रॅम आणि कस ०.९४१, म्हणजे सुमारे ३०.८ ग्रॅम शुद्ध चांदी. दर्शनी बाजूस चिलखत घातलेला, तलवार उगारलेला स्वार दौडत्या घोड्यावर आहे आणि घोड्याच्या पायांखाली प्रांताची ढाल. मागील बाजूस दोन सिंहांनी धरलेली, मुकुट असलेली राज्यसंघाची ढाल, तिच्यातील सिंहाच्या पंजात सात बाणांची जुडी, आणि खाली वर्ष. भोवती ‘कॉन्कॉर्डिया रेस पार्व्हे क्रेस्कुंट’ हे रोमन इतिहासकार सॅलस्ट याच्याकडून घेतलेले वचन आहे : एकीने लहान गोष्टी मोठ्या होतात. त्याच वचनाचा उत्तरार्ध, म्हणजे दुहीने मोठ्या गोष्टीही लयाला जातात, हा नाण्यावर घालण्याचे सोयीस्करपणे टाळले आहे. प्रांतांचे आपसातील संबंध पाहता तो अधिक शोभला असता.

या नाण्याचे मूल्य ६३ स्टायव्हर, म्हणजे तीन गिल्डर आणि तीन स्टायव्हर असे अडनिडे होते. चांदीचा डुकाट ५० स्टायव्हरचा होता आणि त्यात सुमारे २४.७ ग्रॅम शुद्ध चांदी होती. भागाकार करून पाहिल्यास दोन्हींत चांदीचा भाव जवळजवळ एकच पडतो. ही नाणी बाजारात भाजी घेण्यासाठी नव्हती, ती व्यापारासाठी पाडलेली चांदी होती, हे त्या हिशेबावरून लगेच ध्यानात येते. डच ईस्ट इंडिया कंपनी घोडेस्वार पेट्या भरभरून आशियात पाठवी आणि बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तो ७८ स्टायव्हरला चाले. एवढा फरक असताना खलाशांनी खासगीत नाणी लपवून नेली नसती तरच नवल. त्याला आळा घालण्यासाठी कंपनीने १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात आपले बोधचिन्ह असलेले वेगळे घोडेस्वार पाडून घेतले. ते आज साध्या घोडेस्वारापेक्षा बरेच महाग आहेत, आणि बनावट नाणी करणाऱ्यांचेही लक्ष त्यांच्यावर अधिक आहे.

माझे नाणे लिलावातून आले. लिलावगृहाचे नाव देण्याची आवश्यकता नाही, कारण त्यांची पद्धत या देशातील इतर लिलावगृहांसारखीच आहे. अंतिम बोली २२० युरोची होती आणि तिच्यावर २० टक्के अधिभार लागून ते मला २६४ युरोला पडले. बोली लावताना हा अधिभार मनातल्या मनात आधीच जोडून ठेवावा, हा नवशिक्यासाठीचा पहिला धडा. सूचीत प्रत ‘झेर फ्राय’ अशी दिली होती. डच विक्रेत्यांची उतरंड वरून खाली अशी : नुकतेच टांकसाळीतून आल्यासारखे असेल तर ‘एफडीसी’, मग ‘प्राख्तिख’, मग ‘झेर फ्राय’, मग ‘फ्राय’. ‘फ्राय’ या शब्दाचा अर्थ ‘सुंदर’ असा असला तरी ‘फ्राय’ प्रतीचे नाणे बहुधा चांगलेच झिजलेले असते, आणि शब्दार्थावर विसंबून बोली लावणाऱ्याची निराशा ठरलेली.

पाहणीच्या दिवशी मी हे नाणे दहापट भिंगाखाली पाहिले आणि स्वाराच्या छातीवर समांतर रेघा पाहून दचकलो. त्या ओरखड्याच्या रेघा नव्हत्या. टांकसाळीत चकती वजनाला जड भरली तर छाप मारण्यापूर्वी ती कानशीने घासून नेमक्या वजनावर आणत, आणि त्या घासण्याच्या खुणा नाण्याच्या उंच भागांवर राहून जात. ओरखडा छापावरून जातो आणि त्याच्या कडा उचललेल्या असतात. कानशीची रेघ छापाच्या खाली दबलेली असते. हा फरक हातात धरून, प्रकाश तिरका पाडून एकदा पाहिला की पुन्हा शिकावा लागत नाही. लिलावगृहाने या खुणांचा उल्लेख सूचीत प्रामाणिकपणे केला होता, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. घरच्या काट्यावर वजन ३२.६ ग्रॅम भरले. चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेतील आणि कडेजवळील काळसर-निळा थर अस्पर्श आहे. घोड्याच्या मानेवरचे केस आणि स्वाराच्या शिरस्त्राणावरची पिसे थोडी झिजली आहेत, इतकेच.

याच लिलावात समुद्रातून काढलेला एक घोडेस्वारही होता, आणि त्याच्यासोबत प्रमाणपत्र होते. १७४३ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्येकडील सिली बेटांजवळ बुडालेल्या ‘हॉलंडिया’ या कंपनीच्या जहाजाचे अवशेष १९७१ मध्ये सापडले आणि त्यातून असे पुष्कळ घोडेस्वार बाहेर आले. १७२५ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर फुटलेल्या ‘आकरेंडाम’चा खजिना पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये मिळाला. कथा रोमहर्षक आहे यात शंका नाही, परंतु खाऱ्या पाण्याने चांदी खाल्ली जाते, पृष्ठभाग देवीच्या व्रणांसारखा होतो आणि वजन घटते. त्या नाण्यावर घोडा ओळखू येत होता, स्वार अंदाजाने. तरीही त्याची बोली माझ्या नाण्याच्या पुढे गेली. ज्याला जहाजाचा तुकडा हवा आहे त्याने ते जरूर घ्यावे. ज्याला नाणे हवे आहे त्याने कागदासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सोन्याची गोष्ट वेगळी, समुद्र सोन्याला फारसे काही करत नाही, आणि जहाजांतून निघालेले सोन्याचे डुकाट अनेकदा नव्यासारखे असतात.

दुसरे नाणे गेल्डरलंडचा सिंहाचा डाल्डर, १६४० च्या दशकातील. हा प्रकार हॉलंडने १५७५ मध्ये, स्पेनविरुद्धच्या युद्धाच्या ऐन धामधुमीत सुरू केला. वजन २७.६८ ग्रॅम, कस केवळ ०.७५०. दर्शनी बाजूस सिंहाच्या ढालीमागे उभा असलेला शूर पुरुष, मागील बाजूस मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील बंदरांत त्याला एवढी मागणी होती की ऑटोमन साम्राज्यात तो सिंहाच्याच नावाने ओळखला जाई, आणि रोमानियाचा ‘लेउ’ व बल्गेरियाचा ‘लेव्ह’ ही चलनांची नावे त्या सिंहाचीच आठवण सांगतात. इतका नावलौकिक असलेले हे नाणे दिसायला मात्र बहुधा गबाळे असते. हातोड्याने छाप मारण्याच्या काळातील, घाईने पाडलेले आणि निर्यातीसाठीचे; चकती वाकडीतिकडी, निम्मा लेख कडेबाहेर गेलेला, आणि सिंहाचे पोट हमखास सपाट. हे सपाटपण झीज नव्हे, ठसा नीट न बसल्याचा परिणाम आहे, आणि ते समजून न घेता तक्रार करणारे खरेदीदार मी पाहिले आहेत.

हे नाणे मी नाण्यांच्या एका मेळाव्यात टेबलावरून घेतले. विक्रेते वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सहा डाल्डर समोर मांडले आणि मला हवा तितका वेळ दिला. मी त्यांतला सर्वांत चकचकीत उचलला तेव्हा त्यांनी तो शांतपणे माझ्या हातून काढून घेतला आणि काळपट दिसणारा, पण लेख जवळजवळ पूर्ण असलेला पुढे सरकवला. किंमत त्याची कमी होती. घरी आल्यावर वजन २६.९ ग्रॅम भरले, जे हातोड्याच्या नाण्याच्या मानाने चांगलेच म्हणावे लागेल. गेल्डरलंडचे ‘गेल’ स्पष्ट वाचता येते. नाण्याच्या दर्जापेक्षा विक्रेत्याच्या दर्जाला मी अधिक गुण देईन.

आता तिसरे, म्हणजे झीलंडचा चांदीचा डुकाट, १७९० च्या दशकातील. प्रकार म्हणून हा प्रत्येक नवशिक्याने आधी घ्यावा असा आहे : २८.२५ ग्रॅम, ०.८७३ कस, उभा सरदार, खांद्याला टेकलेली तलवार, पायाशी प्रांताची ढाल, मागे राज्यसंघाचे चिन्ह आणि दोन्ही बाजूंना विभागलेले वर्ष. यंत्राने पाडलेला असल्याने गोल आणि नीटस, बाजारात मुबलक, आणि १७९५ मध्ये जुने प्रजासत्ताक जाऊन बटाव्हियन प्रजासत्ताक आल्यावरही १८०६ पर्यंत तो बऱ्याच अंशी त्याच रूपात चालू राहिला. राज्य बदलले तरी नाण्यावरचा सरदार जागेवरून हलला नाही, कारण बाल्टिक किनाऱ्यावरचा व्यापारी राज्यघटना वाचत नव्हता, तो चेहरा ओळखत होता.

माझा डुकाट एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून टपालाने आला. छायाचित्रात तो लखलखीत होता, वर्णनात ‘प्राख्तिख’ लिहिले होते, आणि पाकीट उघडताच काहीतरी चुकले आहे हे कळले. चांदी पांढरीफटक, प्रकाशात फिरवली तरी चमक फिरत नव्हती; अस्पर्श नाण्यावरची चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, घासलेल्या नाण्यावरची जिथल्या तिथे राहते. भिंगाखाली सर्वत्र एकाच दिशेच्या केसाएवढ्या रेघा, आणि सरदाराच्या चिलखताचे तपशील साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेले. कुणीतरी कधीतरी भांडी घासण्याच्या उत्साहाने ते घासले होते. नाणे खरे होते, वजन बरोबर होते, आणि तरीही दिलेल्या किमतीच्या निम्म्याचेही ते नव्हते.

विक्रेत्याला लिहिले. पहिले उत्तर असे आले की ‘जुन्या चांदीवर असे असायचेच’. दुसऱ्या पत्रात मी भिंगाखालची छायाचित्रे जोडली आणि दूरस्थ खरेदीत ग्राहकाला युरोपीय संघाच्या नियमांनुसार १४ दिवसांत कारण न देता करार रद्द करता येतो याची आठवण करून दिली. त्यानंतर मात्र पूर्ण रक्कम परत आली. परत पाठवण्याचा नोंदणीकृत टपालखर्च माझाच होता, आणि नियमही तसाच आहे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : जिथे प्रत्यक्ष हजर राहून बोली लावता येते अशा सार्वजनिक लिलावाला हा १४ दिवसांचा हक्क लागू नाही, तेव्हा तेथे पाहणीचा दिवस चुकवणे म्हणजे हातातले एकमेव हत्यार टाकून देणे होय. या विक्रेत्याला मी कमी गुण देतो ते सदोष नाणे पाठवल्याबद्दल नव्हे, तर पहिल्या उत्तराबद्दल.

चौथा, सोन्याचा डुकाट. १५८६ च्या चलनविषयक आदेशापासून पाडला जाणारा हा प्रकार वजनाने जेमतेम साडेतीन ग्रॅम, कस ०.९८६, व्यास सुमारे २१ मिलिमीटर आणि जाडी इतकी कमी की बोटांत धरताना वाकेल की काय अशी भीती वाटते. पुष्कळ वाकलेलेही असतात. त्यामुळे सोन्याच्या डुकाटात पाहायचे ते असे : पृष्ठ लहरी आहे का, कडेवर डाग किंवा झाळल्याची खूण आहे का, म्हणजे तो कधी दागिन्यात बसवला होता का, आणि वजन पूर्ण आहे का. माझा डुकाट १८ व्या शतकाच्या उत्तरार्धातील असून ३.४७ ग्रॅम भरतो. कडेवर काही नाही, पण सरदाराच्या गुडघ्याशी एक हलकी घडी आहे, जी सूचीत नमूद नव्हती आणि पाहणीच्या दिवशी माझ्याही नजरेतून निसटली.

मागील बाजूच्या चौकटीतील लेख मला या नाण्यातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते. त्याचा आशय असा की हे संयुक्त प्रांतांचे नाणे साम्राज्याच्या, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याच्या, कायद्यानुसार पाडलेले आहे. १६४८ मध्ये प्रजासत्ताकाचे स्वातंत्र्य मान्य झाले तरी साम्राज्याच्या कायद्याची ही ग्वाही नाण्यावर तशीच राहिली, कारण डुकाटाचे वजन आणि कस ज्या नियमाने ठरले होते त्या नियमावर ग्राहकाचा विश्वास होता आणि चालत्या नाण्याचा लेख बदलण्याइतका व्यापारी वेडा नसतो. विश्वास एवढा की रशियाने सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीत डच डुकाट गुपचूप पाडले आणि हा उद्योग १८६८ पर्यंत चालू होता. डुकाट आजही संपलेला नाही. नेदरलँड्सची शाही टांकसाळ सोन्याचे आणि चांदीचे डुकाट अजून पाडते. ते निर्दोष, गुळगुळीत आणि पेटीत बंद असतात. भेट म्हणून चांगले आहेत, पण त्यांना जुन्या नाण्यांच्या शेजारी ठेवले तर ते नाटकातल्या राजासारखे दिसतात.

सोन्याच्या बाबतीत एक रुक्ष पण महत्त्वाची गोष्ट. युरोपीय संघात गुंतवणुकीचे सोने म्हणून मूल्यवर्धित करातून सूट मिळते ती १८०० नंतर पाडलेल्या नाण्यांना, तीही कस, कायदेशीर चलन असणे आणि किमतीची मर्यादा या अटी पाळल्या तर. प्रांतिक डुकाट त्या रेषेच्या अलीकडचे असल्याने कस उत्तम असूनही त्या सवलतीत बसत नाहीत. विक्रेते ते बहुधा आपल्या नफ्यापुरता कर आकारण्याच्या योजनेखाली विकतात आणि पावतीवर कर वेगळा दिसत नाही. म्हणून सोन्याचा भाव पाहून प्रांतिक डुकाट घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. सोने हवे असेल तर सोने घ्यावे.

साठवणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत चांदीवर हिरवट चिकट थर येतो, म्हणून ती टाळावीत. आणि चांदी उजळवण्याचे द्रावण घरात आणूच नये, झीलंडच्या डुकाटाचे काय झाले ते वर आलेच आहे. एक दहापट भिंग आणि शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, एवढ्यावर भागते. १७ व्या शतकातील डच व्यापारीही खिशात तराजू आणि प्रत्येक नाण्याचे प्रमाण वजन असलेली लाकडी पेटी बाळगत असे. त्याच्याकडे काटा होता, भिंग नव्हते, आणि त्याला पृष्ठभागाशी कर्तव्यही नव्हते.

ज्यांना अस्सल, उत्तम प्रतीची नाणी कशी दिसतात हे आधी पाहून घ्यायचे आहे त्यांनी हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयातील नाण्यांचा कक्ष पाहावा. उट्रेख्तचे पैशांचे संग्रहालय २०१३ मध्ये बंद झाले आणि राष्ट्रीय संग्रह नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेकडे गेला. ज्या शहराच्या टांकसाळीने यांतली इतकी नाणी पाडली त्याच शहरात ती पाहायला मिळू नयेत, हे मला अजूनही पटत नाही.

गुण द्यायचे तर घोडेस्वार आणि त्याचे लिलावगृह यांना पाचापैकी साडेचार, अर्धा अधिभारापायी कापला. सिंहाच्या डाल्डरला नाणे म्हणून साडेतीन आणि त्याच्या विक्रेत्याला पाच. सोन्याच्या डुकाटाला तीन, त्या घडीमुळे आणि ती न पाहणाऱ्या माझ्यामुळे. झीलंडच्या डुकाटाची जागा रिकामी आहे. ग्रोनिंगनची मोठी चांदीची नाणी बाजारात विरळाच दिसतात, तेव्हा त्यांच्या नादी लागण्याआधी झीलंडचाच दुसरा डुकाट शोधायचा आहे, आणि तो टपालाने मागवणार नाही, त्या वयस्कर गृहस्थांच्या टेबलाशी बसून घेणार आहे.